हेरंबवैद्याचा हातगुण

धुके ज्याच्या अंगावरून सकाळी उशिरापर्यंत उठत नसे, अशा एका तळ्याच्या काठी एक गाव होते, आणि त्या गावात हेरंबवैद्य राहत होता. मुळ्या उगाळून देणारे वैद्य तर गावोगाव होते. हा कापून बरे करणारा होता. पाठीतली गाठ काढायची असो, तळपायात रुतलेली कपची काढायची असो, की पोटातला खडा, दूरदूरचे लोक म्हणत, "चला तळ्याकाठी."

गाव मोठे स्वप्नाळू होते. माणसे हळू चालत, हळू बोलत. तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी दोघे भेटले की "बरे आहे ना?" असे कोणी विचारत नसे. "काय पाहिलंस?" असे विचारत, आणि मग एकमेकांना आपली स्वप्ने सांगत. कोणी पांढरा हत्ती पाहिलेला असे, कोणी वारलेली आई. कोणी नुसतेच धुके पाहिलेले असे. धुके तर त्यांना जागेपणीही दिसत होते, पण तेही ते मोठ्या अपूर्वाईने सांगत.

हेरंबवैद्याची रुग्णशाळा तळ्याला लागूनच होती. आत आठ खाटा होत्या. खिडक्यांतून धुके आत येई आणि गावाकडून भेटायला आलेल्या नातेवाइकासारखे खाटेच्या पायथ्याशी बसून राही. गुंगीचा काढा प्यालेल्या रोग्यांना ते कोणीतरी ओळखीचे माणूस वाटे. ते त्याच्याशी गप्पा मारत आणि गप्पा मारता मारता झोपी जात.

वैद्याच्या हाताला यश आहे, असे सगळे मानत. त्याचा हातगुणच तसा होता. पहिलाच रोगी बरा केला तेव्हा गावाने त्याला एक पांढरे रेशमी उपरणे दिले होते. त्याने आपले हात आणि आपली शस्त्रे त्या उपरण्याला पुसली, आणि तेव्हापासून तीच रीत पडली. पुढच्या बारा वर्षांत ते उपरणे पांढरेही राहिले नाही आणि रेशमीही राहिले नाही. घडी करून जमिनीवर ठेवले तर ते आपल्या बळावर उभे राही. लोक त्याला कपाळ लावत. वास यायचा, पण श्रद्धेने लोक तोही घेत.

गावाची आणखी एक समजूत होती. यश हातावर ताजे असते आणि पाण्याने ते वाहून जाते. म्हणून हेरंबवैद्य पहाटे तळ्यात स्नान करी, त्यानंतर दिवस मावळेपर्यंत हात धूत नसे. एका रोग्यावरून उठे, उपरण्याला हात पुसे, दुसऱ्यापाशी बसे. पहिल्याचे यश दुसऱ्याला लागते, दोघांचे तिसऱ्याला, तिघांचे चौथ्याला, असा हिशेब लोकांनी मनाशी घातला होता. एका दिवशी चौघांपेक्षा जास्त रोगी वैद्य घेत नसे, त्यामुळे शेवटची, चौथी पाळी मिळावी म्हणून अंगणात रोज भांडणे होत. जे वशिल्याचे असत, किंवा जे फार गयावया करत, त्यांना चौथी पाळी मिळे. ज्यांचे कोणी नसे ते बिचारे पहिल्या पाळीला जात आणि आठवड्याभरात बरे होऊन घरी जात. ते बरे झाले याकडे कोणाचे लक्षच जात नसे, कारण घरी गेलेल्या माणसाची कोण आठवण काढतो?

चौथ्या पाळीचे मात्र खाटेवरच राहत. त्यांची जखम तिसऱ्या दिवशी लाल होई, पाचव्या दिवशी फुगे, आणि मग तिच्यात पू धरे. चाळीस चाळीस दिवस, साठ साठ दिवस ते पडून असत. माणूस एकटा पडून राहत नाही, त्याच्याबरोबर त्याचे घर पडून राहते. कुंभाराचे चाक थांबे. कोणाची म्हैस आटून जाई, कारण तिला धार काढणारा हात ओळखीचा लागे. कोणाच्या मुलीचे लग्न या वर्षीचे पुढच्या वर्षावर जाई. नवे रोगी बाहेर ओसरीवर खाट रिकामी व्हायची वाट बघत, आणि वाट बघता बघता त्यांचा रोग वाढत जाई. काही जण बरे होत, पण लंगडत घरी जात. आणि काही जण घरी जातच नसत.

असे झाले की गाव म्हणे, "वांगे खाल्ले असेल. वांग्यानं पू होतो." ज्याने वांगे खाल्लेले नसे त्याच्यावर चोरून खाल्ल्याचा आळ येई. गावाला वैद्याच्या हातावर संशय घ्यायचा नव्हता, म्हणून सगळा संशय बिचाऱ्या वांग्यावर होता.

त्या रुग्णशाळेत भिवरा नावाची एक बाई जखमांच्या पट्ट्या धुण्याचे काम करी. तिचा नवरा रायबा विहिरी खणणारा होता. त्याच्या मांडीत एक गाठ आली तेव्हा भिवरा दोन दिवस अंगणात बसून राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाया पडली आणि तिने त्याच्यासाठी चौथी पाळी मिळवली. गाठ निघाली. पाचव्या दिवशी रायबाला फार खावेसे वाटले म्हणून तिने घरून त्याला भरीत-भाकरी नेऊन दिली. सातव्या दिवशी जखम चिघळली आणि एकविसाव्या दिवशी रायबा गेला. रडायला बसलेल्या बायकांनीच आधी एकमेकींना विचारले, "भरीत कशाचं होतं गं?"

त्या दिवसापासून तिच्या घरी कोणी पाणी पीत नसे. सणाला तिने शेजारी नैवेद्याचे ताट पाठवले तर ते झाकलेलेच परत येई. लोक तिच्याशी वाईट बोलत नसत. ते स्वप्नाळू लोक होते, त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. पण तिचे अन्न कोणी खात नसे, आणि दोन वर्षे ज्याच्या हातचा घास कोणी खाल्ला नाही, त्याला मोठ्याने बोललेले परवडले असते. तिलाही वाटे, आपणच त्याला मारले. रोज चूल पेटवताना तिला ते वाटे.

भिवरा पट्ट्या राखेच्या पाण्यात उकळी आणि तळ्याकाठी वाळत घाली. आठ खाटांच्या आठ दोऱ्या होत्या. धुक्यात त्या लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या हलत राहत. बघणाऱ्याला वाटे, तळ्यातून बगळे उठताहेत. भिवरा मात्र बगळे बघत नसे. ती दोऱ्या बघे. कोणती दोरी आठवड्यात रिकामी होते आणि कोणती दोन दोन महिने भरलेली राहते, हे ती रोज बघे. कोणता रोगी कोणत्या पाळीचा होता, हेही ती लक्षात ठेवू लागली. दोन वर्षे झाली. मग एका सकाळी तिने हेरंबवैद्याला दोऱ्यांपाशी थांबवले.

"बाबा, एक सांगू का? रागावणार न्हाई न्हवं?"

"सांग."

"पयल्या पाळीची दोरी आठ दिवसांत रिकामी हुती. चौथ्या पाळीची भरल्याली ऱ्हाती. दोन वर्सं बघतीया मी. पयल्याला तुमी तळ्यातनं न्हाऊन आल्यावर हात लावता. चौथ्याला तिघांचं लागल्याला हात लावता."

"तिघांचं यश लागलेला."

"यश दिसत न्हाई, बाबा. पट्टीला जे लागतं ते मला दिसतं."

हेरंबवैद्याच्या कपाळाला आठी पडली. तो वाईट माणूस नव्हता. पण बारा वर्षे ज्याच्या उपरण्याला लोकांनी कपाळ लावले, त्याला पट्ट्या धुणाऱ्या बाईने हे सांगावे, हे त्याला झोंबले. "तू पट्ट्या धू. वैद्यकी मला राहू दे," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला. त्या गावात तरातरा चालणारा माणूस लोकांनी कित्येक वर्षांनी पाहिला.

दुपारी जेवण झाल्यावर तो वामकुक्षीला पडला. धुके खिडकीतून आत आले आणि त्याच्या उशाशी बसले. त्याला झोप लागली आणि झोपेत रुग्णशाळा दिसली. आठही खाटा पाण्यावर ठेवल्यासारख्या हळूहळू डोलत होत्या. धुक्याच्या आतून कुठूनतरी उजेड येत होता. पहिल्या खाटेवरची जखम स्वच्छ होती. त्याने तिच्यावरून हात काढला आणि उपरण्याला पुसला. बोटाच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढे पिवळे शेवाळ चिकटून आले. दिसायला ते फार सुरेख होते. त्याने दुसऱ्या खाटेला बोट लावले, तिथे ते उगवले. तिसऱ्या खाटेवर त्याला पाने फुटली. चौथ्या खाटेवर ते मखमलीसारखे पसरले, आणि त्या मखमलीवर रायबा बसला होता. तो रागावलेला नव्हता.

"वैद्यबाबा, थोडं पाणी मिळंल का?" रायबा म्हणाला.

वैद्याला वाटले, त्याला तहान लागली आहे. त्याने तांब्या पुढे केला. रायबाने तो घेतला नाही. तो वैद्याच्या हातांकडे बघत बसला.

हेरंबवैद्य जागा झाला तेव्हा उन्हे उतरली होती. तो बराच वेळ आपले हात बघत राहिला. मग उठून भिवराकडे गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून मागच्या खोलीत एक हंडा कढत पाणी ठेवत जा. रिठेही ठेव. कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक रोग्यानंतर मागच्या खोलीत जाऊ लागला. तिथे तो नखांतला मळ काढी, रिठ्याच्या फेसाने कोपरापर्यंत हात धुई आणि शस्त्रे हंड्यात उकळून घेई. ज्या जागी कापायचे ती रोग्याची कातडीही तो आता उकळलेल्या पाण्याने आधी स्वच्छ करून घेई. उपरणे खांद्यावर असे, पण ते नुसते दिसायला. हात तो भिवराने उकळून वाळवलेल्या फडक्याला पुसे. महिना गेला, दोन महिने गेले. तळ्याकाठच्या दोऱ्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. चौथ्या पाळीचे रोगीही आठवड्यात उठून घरी जाऊ लागले. ओसरीवर वाट बघणारे कोणी उरले नाही. कुंभाराचे चाक फिरू लागले, आणि मुलींची लग्ने ठरल्या तिथीला होऊ लागली.

आता गाव काय म्हणाले असेल? गाव म्हणाले, "बघा! बारा वर्षांनी हातगुण पिकला."

त्यांनी वैद्याला पालखीत बसवून तळ्याभोवती फिरवले. उपरण्याची आरती केली. शेजारच्या दोन गावांतल्या वैद्यांनी धडाधड उपरणी विकत घेतली. त्यातल्या एकाने तर ते लवकर मळावे म्हणून पहिले आठ दिवस घोडे पुसायला दिले. हे ऐकून हेरंबवैद्याला सगळे सांगून टाकावेसे वाटले. पण पालखी छान हलत होती, फुले पडत होती, आणि अशा वेळी खाली उतरून खरे सांगणे फार अवघड असते. लोक बरे होत आहेत ना, मग कसे का होईनात, असे त्याने मनाला समजावले.

भिवराने त्याच्याकडे काही मागितले नाही. ती रोज हंडा भरून ठेवी. फक्त एकदा, पाणी ओतता ओतता, तिने खाली मान घालून विचारले, "बाबा, मग माज्या धन्याला भरतानं न्हाई न्हवं मारलं?"

हेरंबवैद्याने तिच्याकडे बघितले नाही. "कोण जाणे," तो म्हणाला.

ते दोन शब्द त्याने म्हटले, आणि त्या दिवसापासून त्याला रोज दुपारी तेच स्वप्न पडू लागले. रायबा पाणी मागे. सकाळी पायऱ्यांवर लोक विचारत, "वैद्यबाबा, काय पाहिलंत?" तो म्हणे, "काही नाही." त्या गावात एवढे मोठे खोटे याआधी कोणी बोलले नव्हते.

एके दिवशी दूरच्या गावाहून साबाजी नावाचा विणकर आपल्या बायकोला, रत्नाईला, घेऊन आला. तिच्या खांद्यामागे लिंबाएवढी गाठ झाली होती. तिला मागावर धोटा फेकता येईना. घरात विणणारी तीच होती. साबाजी सूत भरून देई आणि कापड बाजारात नेई. तिचा खांदा गेला असता तर ते घरच बसले असते. साबाजीने तीन दिवस अंगणात बसून, रडून, लोकांचे पाय धरून तिच्यासाठी चौथी पाळी मिळवली. आणि तीन दिवस तिथे बसल्यामुळे त्याने एक गोष्ट पाहिली. प्रत्येक रोग्यानंतर वैद्य मागच्या खोलीत जातो, आणि त्या खोलीच्या कौलांतून वाफ निघते.

चौथ्या दिवशी रत्नाईची पाळी आली. तिला गुंगीचा काढा देऊन ओसरीवरच्या खाटेवर निजवले होते. तिचे डोळे जड झाले होते, पण मिटले नव्हते. अंगण माणसांनी भरले होते. हेरंबवैद्य तिसऱ्या रोग्यावरून उठला आणि मागच्या खोलीकडे वळला. तसा साबाजी धावत पुढे आला आणि उंबऱ्यात आडवा पडला.

"बाबा, आत जाऊ नका. आत तुमी हात धुताय, मी वाफ बघितलीया. आज तीन माणसांना यश दिलंय तुमी. ते तसंच घिऊन या. माज्या बायकूचं यश पाण्यात सोडू नका."

अंगणात कुजबुज झाली. वैद्य हात धुतो? वैद्य यश धुऊन टाकतो? सगळे त्याच्याकडे बघू लागले.

हेरंबवैद्याच्या ओठांवर एक वाक्य आयते येऊन बसले होते: देवाला हात जोडून येतो. एवढे म्हटले असते तर साबाजी बाजूला झाला असता, लोकांनीही हात जोडले असते, आणि सगळे जिथल्या तिथे राहिले असते.

तेवढ्यात मागच्या खोलीच्या अंगणाकडच्या दुसऱ्या दाराशी भिवरा दिसली. तिच्या हातात कढत पाण्याची घागर होती. तिला बघताच गर्दीतून तिच्या शेजारच्या म्हातारीने हळूच म्हटले, "अगो, तू कशाला या वेळी मधे? नवऱ्याला वांगी घालून घालवलंस. आता हिच्यावर सावली नको पाडूस." कोणी काही रागाने बोलले नाही. नुसते सगळे दोन पावले मागे सरले. भिवराभोवती एक मोकळे रिंगण झाले आणि धुके येऊन त्यात उभे राहिले. भिवरा मान खाली घालून परत आत वळली.

तेव्हा हेरंबवैद्याने खांद्यावरचे उपरणे काढून जमिनीवर टाकले.

"भिवराबाई, थांबा. पाणी इथं अंगणात आणा. सगळ्यांच्या देखत."

तो तिला आजवर अगं-तुगं करत आला होता. भिवरा जागच्या जागी थांबली.

"मी हात धुतो," तो लोकांना म्हणाला. "तीन महिने झाले, चोरून धुतो. तुमची माणसं बरी होतात ती माझ्या यशानं नाही, रिठ्यानं आणि कढत पाण्यानं. त्याआधी बारा वर्षं मी धूत नव्हतो. एका जखमेतली घाण मी माझ्या हातानं दुसरीत नेली, दुसरीतली तिसरीत. ज्यांना पू झाला तो वांग्यानं झाला नव्हता. त्यांना माझा हात लागला होता."

साबाजी उंबऱ्यात उठून बसला. "मंजी… जे गेले ते समदे?" त्याने विचारले.

"सगळे नसतील. पुष्कळ. आणि रायबा नक्की. भिवराबाई, तुमच्या भरतानं काही झालं नाही. रायबाला मी मारलं. मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

भिवराच्या हातातली घागर हलली आणि थोडे पाणी तिच्या पायावर सांडले. चटका बसला असणार, पण तिने पाय हलवला नाही. मग म्हणाली, "चौथी पाळी म्याच मागितली हुती. लोकांच्या पाया पडून."

"मागितली असेल. दिली मी. कुठला हात कुठं लावायचा हे कळणं माझं काम होतं, तुमचं नव्हतं."

भिवरा रडली. दोन वर्षांत ती लोकांसमोर कधी रडली नव्हती. तिने पदराने डोळे पुसले, घागर उचलली आणि वैद्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटले, आता ही कढत पाणी त्याच्या अंगावर ओतणार. त्यालाही तसेच वाटले. त्याने हात पुढे केले आणि डोळे मिटले.

भिवरा थबकली. घागर खाली ठेवून ती आत गेली आणि उकळून गार केलेले पाणी घेऊन आली. तिने घागरीत विसण घातले, बोटाने अंदाज घेतला, आणि मग हळूहळू त्याच्या हातांवर धार धरली.

साबाजी अजून उंबऱ्यात बसला होता. उठावे की बसावे, हे त्याला कळेना. तेव्हा खाटेवरून रत्नाईचा आवाज आला. काढ्याने तिची जीभ जड झाली होती.

"धुऊ द्या की वो. मागाला बसायच्या आदी मी बी हात धुतीच. न्हाई तर सुताला डाग पडतोय." एवढे बोलून ती झोपी गेली. साबाजी उंबऱ्यातून उठला.

गाठ निघाली. हेरंबवैद्याचे हात त्या दिवशी सगळ्यांच्या देखत स्वच्छ होते.

त्यानंतर गावात बरेच काही झाले. ज्यांची माणसे गेली होती त्यांतले काही येऊन वैद्याच्या दारात रडले, काही शिव्या देऊन गेले. त्याने सगळे उभे राहून ऐकून घेतले. कोणी त्याच्या पाया पडेनासे झाले. निम्मे रोगी त्याला सोडून उपरणेवाल्या वैद्यांकडे गेले, म्हणून तो स्वतः चालत त्या दोन्ही गावी गेला आणि त्या वैद्यांना आपली चूक सांगून आला. एकाने ऐकले. ज्याने घोडे पुसले होते त्याने ऐकले नाही. हेरंबवैद्याचे उपरणे तळ्याकाठी जाळायला नेले तेव्हा ते धड जळेना, नुसताच धूर करत बसले. अंगणातली पाळ्यांची भांडणे मात्र संपली. कोणतीही पाळी आली तरी तेच रिठे आणि तेच पाणी, मग भांडायचे कशाला? आणि पायऱ्यांवर कोणी "काय पाहिलंत?" असे विचारले की हेरंबवैद्य आता खरे सांगे.

रत्नाईची जखम सातव्या दिवशी कोरडी झाली. आठव्या दिवशी तिने हात वर करून बघितला, खाली करून बघितला, आणि रिकाम्या हाताने हवेत धोटा फेकून बघितला. मग तिने साबाजीला गाडी जुंपायला सांगितले.

गाडी गावाबाहेर निघाली. वाटेत भिवराचे घर होते. भिवरा दारात बसून तांदूळ निवडत होती. रत्नाईने गाडी थांबवली आणि खाली उतरली.

"बाई, लांबचा पल्ला हाय आमचा. भूक लागलीया. काय असंल ते वाढा."

भिवराने तिच्याकडे पाहिले. तिला वाटले, हिला माहीत नसेल. शेजारच्या दारातल्या बायका बघत होत्या, आणि रस्त्यावरची माणसे थांबली होती. "भाकरी हाय," भिवरा पुटपुटली. "आनि आमटी. दुसरं काय न्हाई."

"मग वाढा की."

रत्नाई ओसरीवर मांडी घालून बसली. भिवराने ताट आणले. रत्नाईने भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. ती सावकाश खात होती, भूक लागलेले माणूस घरी खाते तशी. धुके ओसरीपर्यंत आले होते.

पहिली भाकरी संपली. रत्नाईने ताट पुढे सरकवले.

"आनिक एक," ती म्हणाली.

भिवरा भाकरी आणायला आत गेली. तिला चुलीपाशी जरा वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा शेजारची म्हातारी ओसरीच्या कडेला येऊन बसली होती, आणि तिच्यासमोर तिचे स्वतःचे रिकामे ताट होते.

तात्पर्य: हात कितीही गुणी असो, दुसऱ्याच्या जखमेला लावण्याआधी तो दर वेळी धुवावा; आणि त्याच हातून चूक झाली असेल, तर तिचे खापर दुसऱ्याच्या माथी राहू न देता ती चारचौघांत कबूल करावी.